झेंडा पनामाचा, पोरगा परभणीचा

‘रुएन’ हे माल्टाच्या झेंड्याचं, म्हणजे माल्टात नोंदवलेलं, मालवाहू जहाज सोमाली चाच्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये पळवलं. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकातानं त्याला भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर गाठलं. चाळीस तासांच्या कारवाईत सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो पॅराशूटनं समुद्रात उतरले, ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. त्या सतरांत एकही भारतीय नव्हता. बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाची माणसं होती. ना आपला माणूस, ना आपला झेंडा, तरी आपण एवढा पल्ला मारला. याचा अभिमान वाटावा असंच ते काम होतं.

माझं भांडण त्यानंतरच्या गोष्टींशी आहे. चाच्यांविरुद्ध देशांनी काय करावं, असं विचारलं की आपलं उत्तर तयार असतं: युद्धनौका पाठवा, दिसला की उडवा. युद्धनौका लागतातच, त्याबद्दल वाद नाही. पण गेल्या पंचवीस वर्षांतली प्रकरणं ओळीनं वाचत गेलं की एक गोष्ट खटकत राहते. समुद्रावर कमावलेलं आपण जमिनीवर घालवलं. कधी कोर्टात, कधी जहाजमालकानं बंद करून ठेवलेल्या फोनवर, आणि आपल्या भागापुरतं बोलायचं तर एजंटाच्या ऑफिसात. ज्या खलाशाच्या मागं कुणीच उभं नाही, त्याच्याकडं बघून देशानं आपलं धोरण आखलं पाहिजे. आज ते जहाजाकडं, मालाकडं आणि झेंड्याकडं बघून आखलं जातं.

मराठवाड्यातल्या माणसानं समुद्राबद्दल लिहावं, याला कुणी हसेल. आठही जिल्ह्यांत मिळून एक बंदर नाही. पाण्याशी आमची ओळख टँकरची. पण इ.स.च्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदींत पैठण आणि तेर ही दोन्ही नावं आहेत. इथून कापड आणि मौल्यवान खडे गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात आणि पुढं जहाजानं रोमकडं. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो, की भारताकडं येणाऱ्या जहाजांवर चाच्यांच्या भीतीनं तिरंदाजांच्या तुकड्या ठेवाव्या लागत. म्हणजे तेरच्या विणकराच्या कापडाच्या किमतीत त्या तिरंदाजाचा पगारही कुठंतरी धरलेला असणार. आज वाळूजच्या दुचाकी आफ्रिकेला जातात, जालन्याच्या स्टील कारखान्यांत परदेशातून आलेलं भंगार वितळतं, आणि कापसाला टाकायचं पोटॅश तर सगळंच जहाजातून येतं. आता यात एका नव्या मालाची भर पडली आहे. आमची पोरं जहाजावर जायला लागली आहेत.

त्यांच्याकडं येण्याआधी कायद्याचं थोडं सांगितलं पाहिजे, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराप्रमाणं खुल्या समुद्रातला चाचा कोणत्याही देशाला पकडता येतो आणि पकडणाऱ्या देशाच्या कोर्टाला त्याच्यावर खटलाही चालवता येतो. व्याख्येत ‘खासगी हेतूसाठी’ अशी अट आहे, म्हणून तांबड्या समुद्रात क्षेपणास्त्रं डागणारे येमेनचे हुथी बंडखोर या चौकटीत सरळ बसत नाहीत. तो वेगळा विषय. (हुथींमुळं गस्ती नौका तिकडं अडकल्या आणि सोमाली चाच्यांचं फावलं, एवढं खरं. ‘रुएन’ हे त्यांनी २०१७ नंतर पळवून नेलेलं पहिलं मोठं व्यापारी जहाज होतं.) पण आंतरराष्ट्रीय करार हा फक्त अधिकार देतो. शिक्षा द्यायला आपल्या कायद्यात कलम लागतं, आणि आपण ते कलम करायला किती वेळ लावला ते बघा.

ऑक्टोबर १९९९. ‘अलॉन्ड्रा रेनबो’ नावाचं जपानी मालकीचं, पनामाच्या झेंड्याचं जहाज इंडोनेशियातून ॲल्युमिनियमच्या लाद्या घेऊन जपानला निघालं. चाच्यांनी ते पळवलं आणि १७ खलाशांना एका रबरी तराफ्यात बसवून समुद्रात सोडून दिलं. ते कसेबसे वाचले. थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांना उचललं. जहाजाचं नाव खरवडून ‘मेगा रामा’ असं नवं नाव रंगवलं गेलं. नोव्हेंबरमध्ये आपल्या तटरक्षक दलानं आणि आयएनएस प्रहारनं अरबी समुद्रात पाठलाग करून ते पकडलं. सापडतोय म्हटल्यावर चाच्यांनी जहाजाला आग लावली, आत पाणी सोडलं; आपल्या माणसांनी ते बुडू दिलं नाही. जगभर कौतुक झालं. पुढं मुंबईच्या सत्र न्यायालयानं २००३ मध्ये सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली आणि २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून सगळे निर्दोष सुटले. चाचेगिरीचं स्वतंत्र कलमच आपल्याकडं नव्हतं. दंड विधानातली जमिनीवरच्या दरोड्याची कलमं आणि इंग्रजांच्या काळातले जुने कायदे जोडून खटला उभा केलेला होता, तो वरच्या कोर्टात टिकला नाही.

यानंतर कोणताही देश वर्षभरात कायदा करील. आपलं २०१२ चं विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळलं, दुसरं २०१९ मध्ये आलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये संसदेनं मंजूर केलं. जहाज पकडल्यापासून तेवीस वर्षं गेली. मधल्या काळात, २०११ मध्ये, नौदलानं तीन-चार धडक कारवायांत सव्वाशेच्या आसपास सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले. त्यातल्या पंधरा जणांचा निकाल लागायला २०१७ उजाडलं. शिक्षा सात वर्षं, त्यातली सहा कच्च्या कैदेतच सरलेली.

नव्या कायद्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि चाचेगिरीत कुणाचा जीव गेला तर फाशीही देता येते. फाशी आली म्हणून टाळ्या पडल्या. मला ती या कायद्यातली सर्वांत कच्ची जागा वाटते. फाशीची शिक्षा असेल तर अनेक देश आरोपी आपल्या हवाली करत नाहीत. शिवाय ज्या चाच्याला कळलं की एक मेला तरी फास आणि दहा मेले तरी फासच, त्याच्या हातातल्या ओलिसांचं काय, याचा विचार टाळ्या वाजवणाऱ्यांनी केलेला नसतो. चाच्याला धाक बसतो तो शिक्षा नक्की होणार आणि लवकर होणार याचा. त्यासाठी लागतो सोमाली भाषेचा दुभाषी, जहाजावरच पंचनामा करता येईल असा प्रशिक्षित अधिकारी, आणि साक्ष द्यायच्या आत दुसऱ्या जहाजावर निघून गेलेल्या खलाशाचा जबाब व्हिडिओवर नोंदवायची सोय. ही कामं कुणाच्या स्टेटसला येत नाहीत. पण ‘रुएन’चे ३५ जण मुंबई पोलिसांच्या ताब्यात आले त्या दिवशी नौदलाचं काम संपलं आणि देशाची परीक्षा सुरू झाली.

‘दिसला की उडवा’ म्हणणाऱ्यांसाठीही प्रकरणं आहेत. नोव्हेंबर २००८ मध्ये आयएनएस तबरनं एडनच्या आखातात चाच्यांची मदरशिप, म्हणजे त्यांच्या लहान होड्यांचं मुख्य जहाज, बुडवली म्हणून आपण फटाके वाजवले. काही दिवसांनी कळलं, की ते चाच्यांनी ताब्यात घेतलेलं थायलंडचं मासेमारी जहाज होतं आणि त्याचे खलाशी आतच होते. समोरून गोळीबाराची धमकी आली, स्वसंरक्षणार्थ उत्तर दिलं, असं नौदलानं सांगितलं. ते खरं धरलं तरी त्यातला एकच खलाशी वाचला. मे २०१० मध्ये रशियानं ‘मॉस्को युनिव्हर्सिटी’ हे तेलवाहू जहाज सोडवलं आणि पकडलेल्या चाच्यांना दिशादर्शक यंत्रंही न ठेवता एका होडीत बसवून किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर सोडून दिलं. तासाभरात त्यांचा पत्ता लागेनासा झाला. खटल्याच्या कटकटीतून मोकळं व्हायची ती रशियन रीत. तराफ्यावर सोडून देणं हे ‘अलॉन्ड्रा रेनबो’वर चाच्यांनी केलं होतं, सरकारनं तेच केलं तर मग कायद्याचं राज्य कशाला म्हणायचं?

आणि केरळचं प्रकरण तर अजून ताजं आहे. सोमाली चाच्यांचा धाक वाढला तेव्हा जहाज कंपन्यांनी धोक्याची रेषा पूर्वेकडं सरकवत ७८ अंश रेखांशापर्यंत आणली. रेखांशानंच मोजायचं तर आमचं नांदेडही धोक्याच्या पट्ट्यात आलं होतं! त्या पट्ट्यातली जहाजं बंदूकधारी पहारेकरी घेऊन आपल्या किनाऱ्याजवळून जायला लागली. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या इटलीच्या नौसैनिकांनी केरळचे दोन मच्छीमार चाचे समजून मारले. हेगच्या लवादापर्यंत वाद गेला, दहा कोटींची भरपाई मिळाली आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इथला खटला बंद केला. ती रेषा भारताच्या पाठपुराव्यानंतर २०१५ मध्ये ६५ अंशांवर मागं गेली. नकाशावरची रेष कुठं ओढायची, यानं कुणाचा जीव जातो हे ठरतं, हे दिल्लीला कळायला दोन मच्छीमार जावे लागले.

आता ओलिसांकडं येतो. इथं माझा मूळ मुद्दा आहे.

२००८ च्या नोव्हेंबरात ‘सिरियस स्टार’ हे सौदी अरेबियाचं अजस्र तेलवाहू जहाज पळवलं गेलं. आत कोट्यवधी डॉलरचं तेल होतं. दोन महिन्यांच्या आत खंडणी पोचली आणि माणसं सुटली. आता दुसरं जहाज बघा. मार्च २०१० मध्ये एडनजवळ पळवलेलं ‘आइसबर्ग-१’, पनामाचा झेंडा, २४ खलाशी, त्यांत भारतीयही होते. मालकानं हात झटकले. हे खलाशी जवळपास हजार दिवस ओलीस राहिले. डिसेंबर २०१२ मध्ये सोमालियातल्याच पुंटलँडच्या सागरी पोलिसांनी लढून २२ जणांना सोडवलं. ‘अल्बेडो’वरचे खलाशी २०१० मध्ये पकडले गेले, मालक पैसे उभे करू शकला नाही, मध्येच जहाजही बुडालं, आणि शेवटचे अकरा जण २०१४ मध्ये बाहेर आले. याच जहाजावरचे सात पाकिस्तानी खलाशी मात्र २०१२ मध्येच सुटले होते, कारण पाकिस्तानात लोकांनी वर्गणी करून त्यांची खंडणी भरली. ‘नहाम-३’ या मासेमारी जहाजावरची माणसं साडेचार वर्षं ओलीस होती.

यात एक हिशोब दिसतो. चाच्यांच्या कैदेत किती दिवस राहायचं हे चाच्याच्या क्रूरपणापेक्षा मालकाच्या ऐपतीवर ठरतं. श्रीमंत मालकाचं जहाज उंच, वेगवान, काटेरी तारांनी वेढलेलं असतं, त्यावर पहारेकरी असतात, दारं बंद करून लपायला मजबूत खोली असते, आणि वर अपहरणाचा विमा. जानेवारी २०२४ मध्ये ‘लीला नॉरफोक’वरचे २१ जण, त्यांत १५ भारतीय, असेच आतल्या खोलीत बसून राहिले आणि आयएनएस चेन्नई येईपर्यंत वाचले. जुनाट, संथ, बिनविम्याच्या जहाजावरच्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही.

खंडणी देऊ नये, तिनंच धंदा वाढतो, हा युक्तिवाद मला माहीत आहे आणि तो चूक नाही. जागतिक बँकेच्या अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात सोमाली चाच्यांनी सुमारे ३४ ते ४१ कोटी डॉलर खंडणी उकळली. पण बंदी घातली तर ती लागू कुणाला होईल? विमा कंपनी वकिलामार्फत वाट काढील. अडकेल तो बिनविम्याचा खलाशी. म्हणून बंदीच्या आधी प्रत्येक खलाशाला विम्याचं कवच मिळालं पाहिजे. तो क्रम उलटा केला तर आपण फक्त गरिबाला तत्त्वाचा बळी करतो.

आणि तत्त्वाची किंमत कोण मोजतं, याचं सर्वांत कडू उदाहरण आपल्याच घरातलं आहे. ‘अस्फाल्ट व्हेंचर’, झेंडा पुन्हा पनामाचा, १५ खलाशी आणि सगळे भारतीय. सप्टेंबर २०१० मध्ये पळवलं. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, जहाज सुटलं, आठ जण सुटले. सात जणांना चाच्यांनी ठेवून घेतलं: तुमच्या नौदलानं पकडलेली आमची माणसं सोडा, मग यांना न्या, सरळ अदलाबदल. सरकारनं कैदी सोडले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. एकदा अशी अदलाबदल झाली असती तर प्रत्येक भारतीय खलाशी ओलिसांतला हुकमाचा पत्ता झाला असता. पण बरोबर निर्णयाची किंमत त्या सात घरांनी ऑक्टोबर २०१४ पर्यंत मोजली, चार वर्षं. देशाच्या धोरणापायी जो माणूस कैदेत अडकतो, त्याच्या घरचा खर्च, पोरांची फी, बायकोला रोज उत्तर देणारा एक जबाबदार अधिकारी, हे देशाचं देणं आहे. सीमेवरच्या जवानाला आपण ते देतो. पनामाचा झेंडा आहे म्हणून खलाशाला नाही म्हणायचं, ही पळवाट झाली.

सोमालियात चाचे का झाले, यावर गरिबीचं उत्तर पटकन दिलं जातं. १९९१ मध्ये तिथलं सरकार कोसळलं, परदेशी ट्रॉलर त्यांचे मासे लुटून गेले, हे सगळं खरं. पण होडी, इंधन, बंदुका आणि महिनोन् महिने ओलिसांना पोसायचं धान्य गरीब माणूस कुठून आणणार? तिथं पैसा लावणारे वेगळे असतात. जागतिक बँकेच्या त्याच अभ्यासात खंडणीतला ३० ते ७५ टक्के वाटा या भांडवलदारांना गेल्याचं म्हटलं आहे. बंदूक घेऊन जहाजावर चढणाऱ्या पोराला एका सरासरी खंडणीतले जेमतेम एक-दोन टक्के मिळत, आणि त्यातूनही जेवण नि खात नावाच्या नशेच्या पाल्याची उधारी कापली जाई. बीडच्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. ऊसतोड मजुरानं मुकादमाकडून घेतलेली उचल हंगाम संपला तरी फिटत नाही, तसलाच हा हिशोब. मजुराला पकडून कारखाना बंद पडत नाही.

बेल्जियमनं हे ओळखलं. ‘आफवेने’ या नावानं ओळखला जाणारा मोहम्मद अब्दी हसन हा सोमाली चाचेगिरीतला मोठा सूत्रधार. तुझ्या आयुष्यावर चित्रपट काढायचा आहे, सल्लागार म्हणून ये, असं आमिष दाखवून २०१३ मध्ये त्याला ब्रसेल्सला बोलावलं आणि विमानतळावरच बेड्या घातल्या. २०१६ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. एक गोळी न झाडता झालेलं हे काम मला कितीतरी गस्तींपेक्षा मोलाचं वाटतं. भारतानं शेकड्यानं पोरं पकडली, पण त्यांच्या मुकादमापर्यंत आपण पोचलो नाही.

आमच्याकडं बारावी झालेल्या पोराला ‘मर्चंट नेव्ही’चं स्वप्न विकणारे आता तालुक्याच्या गावापर्यंत आले आहेत. जिंतूर रस्त्यावरच्या एका गावातलं, ओळखीतलं पोरगं जॉइनिंग लेटर घेऊन माझ्याकडं आलं होतं. बापानं दोन एकर गहाण टाकून एजंटाला पैसे दिलेले. कागदावर जहाजाचं नाव, एक झेंडा, एक आखाती बंदर आणि आयएमओ क्रमांक होता. हा सात आकडी क्रमांक जहाजाला जन्मभर चिकटतो. नाव बदला, रंग बदला, झेंडा बदला, तो बदलत नाही. तो इंटरनेटवर टाकून बघितला तर जहाज पोराच्या वयापेक्षा दहा वर्षांनी मोठं निघालं, आणि कागदावरचा झेंडा त्याचा तिसरा होता. विम्याचा रकाना कोरा. बाप विचारत होता, “पगार डॉलरमधी हाय ना पर?” पोराला मी जाऊ नको म्हणालो. ते गेलं नाही, पण गहाण जमीन सुटायची आहे ती आहेच.

नियमानं नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि खलाशाकडून नोकरीसाठी एक रुपयाही घेता येत नाही. नियम असा आणि गावोगावचा दर काही लाखांत. मालकानं वाऱ्यावर सोडून दिलेल्या खलाशांच्या जागतिक यादीत अलीकडं भारतीय सर्वांत वर असतात, ते उगाच नाही. आणि असं सोडून देणारा मालक चाच्यांशी बोलणी करायला बसेल, ही आशाच खुळी. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात २०२० पासून दुरुस्ती लागू आहे, की खलाशी चाच्यांच्या कैदेत असेपर्यंत त्याचा करार आणि पगार चालूच राहील. पण गायब मालकाकडून तो वसूल कोण करणार?

वसूल करायची जागा इथंच आहे. जगातल्या खलाशांत सुमारे दहावा हिस्सा भारतीयांचा आहे. आपण माणसं द्यायचं थांबवलं तर कितीतरी जहाजं धक्क्यावरून हलायची नाहीत. एवढी ताकद असलेला देश अट घालू शकतो: अपहरणाचा आणि बेवारस सोडण्याचा विमा दाखवल्याशिवाय भारतीय माणूस जहाजावर चढणार नाही, आणि मालक पळाला तर पाठवणाऱ्या एजन्सीची ठेव जप्त होईल. अशानं नोकऱ्या फिलिपिन्सकडं जातील, असं एजंट म्हणतात. ज्या जातील त्या ‘आइसबर्ग’सारख्या जहाजांवरच्या असतील, जाऊ द्याव्यात. फिलिपिन्सशी, इंडोनेशियाशी बोलून हीच अट एकत्र घातली तर तसली जहाजं समुद्रात निघणंच अवघड होईल, आणि चाच्यांना सोपं सावज मिळणार नाही.

राज्य सरकारला यात दिल्लीची वाट बघायची गरज नाही. नांदेडला, लातूरला, परभणीला जिल्हाधिकारी कार्यालयात एक खिडकी ठेवावी, जिथं आयएमओ क्रमांक आणि एजन्सीचा परवाना दाखवला की जहाजाचं वय, झेंडा आणि विमा तिथंच तपासून मिळेल. बिनपरवाना एजंटावर पोलिसांनी फसवणुकीचा गुन्हा नोंदवावा, ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून बापाला ठाण्यातून परत पाठवू नये. कोणत्या गावातला कोण कोणत्या जहाजावर आहे, याची नोंदही त्याच खिडकीत राहावी. उद्या एखादं जहाज पळवलं गेलं तर घरच्यांना ते टीव्हीवरून कळू नये.